मीटर कुणाच्या नावावर? लाइट बिलाच्या भांडणाची जुनी गोष्ट

आज आपण लाइट बिलाबद्दल बोलणार आहोत. बिल कसं वाचायचं ते नाही, ते आपण पूर्वी बोललोय. आजचं बोलणं भांडणाचं आहे. खोली भाड्याची, मीटर मालकाच्या नावाचा, आणि बिल आलं चार हजारांचं. ते भरायचं कुणी?

तालुक्याच्या गावी मुलांच्या शाळा-कॉलेजासाठी खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी जणी आपल्या गटांत आहेत. कुणाचे मालक एमआयडीसीत कामाला, म्हणून बिऱ्हाड तिकडे. आणि घरामागच्या दोन खोल्या भाड्याने देऊन आपलं औषधपाणी भागवणाऱ्या मावशी-काकूही आपल्याच गटांत आहेत. त्यामुळे आमच्याकडे गाऱ्हाणी दोन्हीकडून येतात. एक म्हणते, "ताई, दोन बल्बांचं एवढं बिल येतं का कधी?" दुसरी म्हणते, "कॉइल लावून पाणी तापवतात, आणि बिल आलं की हात वर करतात." दोघी खरं बोलत असतात. मग हे भांडण आलं कुठून, ते बघू या म्हणून आम्ही जरा मागे गेलो, तर थेट शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत पोचलो.

रॉकेलच्या दिव्याचं असलं भांडण नव्हतं, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. गिरणगावातल्या चाळीत एका माळ्यावर दहा-वीस खोल्या. प्रत्येक घर आपलं रॉकेल आणायचं, आपली चिमणी पेटवायचं. शेजारणीने रात्रभर दिवा जाळला तरी आपल्या खिशाला तोशीस नव्हती. पाण्याचंही तसंच. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० साली आलं, तानसाचं १८९२ साली. पण पाण्याचा कर महापालिका घरमालकाकडून घ्यायची आणि मालक तो भाड्यात धरायचा. चाळीच्या नळावर बायका भांडल्या त्या नंबरावरून. कुणाच्या हंड्यात किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्रच तिथे नव्हतं.

मोजणारं यंत्र आलं ते विजेबरोबर. मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लोकांनी पाहिले १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. १९०५ साली ट्राम आणि वीज अशी दोन्ही कामं करणारी कंपनी निघाली. तीच आजची बेस्ट. १९४७ च्या ऑगस्टात ती महापालिकेने घेतली. १९१५ साली टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली आणि घाट उतरून ती मुंबईच्या गिरण्यांना पोचली. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. या विजेसाठी मुळशीला धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट होते, आणि सत्याग्रहात बायकाही होत्या. दिवे मुंबईत लागले, घरं बुडाली मावळात. विजेचं मोल कुणी चुकवायचं, हा प्रश्न बिलाच्या कागदापेक्षा जुना आहे.

तर, वीज आली आणि मीटर आला. पण मीटर प्रत्येक खोलीला आला नाही. खोल्या पुष्कळ, वायरिंगचा खर्च मोठा, शिवाय भाडेकरू आज आहे, उद्या नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी मालकानेच एक मीटर घ्यायचा, खोलीत एक दिवा द्यायचा आणि त्याचे महिन्याचे ठराविक पैसे भाड्यावर लावायचे, अशी रीत पडली. इतके पॉइंट, इतके पैसे. तुमच्यापैकी अनेकींच्या खोल्यांना आजही हीच रीत आहे. एक बल्ब, एक पंखा असला की महिन्याला अमुक. फ्रिज आणला की मालक दुसऱ्या दिवशी दारात.

ही रीत होती, कायदा नव्हता. १९१० साली इंग्रजांनी भारतीय वीज कायदा केला. त्याच्या परिशिष्टात लिहिलं होतं की ज्या भागात विजेच्या तारा पोचल्या आहेत, तिथल्या जागेचा मालक किंवा भोगवटादार यांनी मागणी केली तर कंपनीने वीज द्यायची. मालक किंवा भोगवटादार. सातबाऱ्यामुळे भोगवटादार हा शब्द आपल्याला चांगला ठाऊक आहे. जो जागेत प्रत्यक्ष राहतो, वापर करतो, तो. म्हणजे भाडेकरणीने स्वतःच्या नावाचा मीटर मागायचा हक्क शंभरावर वर्षांपासून कागदावर आहे. पण चाळीत राहणाऱ्या बाईला हे सांगणार कोण? आणि मालकाला न विचारता अर्ज केला, तर उद्या खोली राहील का?

खोली राहील का, ही भीती त्या काळात फार मोठी होती. पहिल्या महायुद्धात मुंबईत गर्दी वाढली, जागा कमी पडल्या, मालकांनी भाडी चढवली. मग सरकारने १९१८ साली भाड्यावर बंधन घालणारा कायदा आणला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. शेवटी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकलं. भाडेकरूला काढायचं तर कोर्टात कारण सांगावं लागे.

आता मालकाच्या जागी उभं राहून बघा. भाडं वाढवता येत नाही, माणूस काढता येत नाही. मग हातात काय राहतं? नळ आणि बटण. पाणी बंद करा, जिन्यातला दिवा काढा, लाइट तोडा, माणूस आपोआप जातो. हे आम्ही मनाने रचून सांगत नाही. १९४७ च्या कायद्यात २४ वं कलम याचसाठी घातलेलं होतं. योग्य कारणाशिवाय मालकाने भाडेकरूची आवश्यक सोय तोडायची नाही, असं त्यात म्हटलं होतं. आवश्यक सोयींत काय काय येतं तेही लिहिलं होतं: पाणी, वीज, बोळातले आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई. कायद्याच्या पुस्तकात जिन्यातला दिवा उगाच येत नाही. कुणीतरी अंधारात जिना चढून, कोर्टाची पायरीही चढलेलं असणार.

तेव्हा विदर्भात हा कायदा नव्हता. तिथे मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता, आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. या तिन्हींच्या जागी एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. सोय न तोडण्याचं कलम त्यात २९ वं आहे. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे, प्रत्येक खेड्याला नाही. आपलं तालुक्याचं गाव त्यात येतं का, ते विचारून घ्या.

पण सोय तोडू नका म्हटल्याने बिल कुणी भरायचं ते ठरत नाही. मालक म्हणतो, योग्य कारण आहे, हिने तीन महिने बिलच दिलेलं नाही. तेही खोटं नसतं. कंपनी पैसे मागते ते ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याकडे. भाडेकरू सामान बांधून गेला की थकबाकी मावशीच्या माथी. म्हणून आम्ही भाडेकरणींचीच बाजू घेऊन बोलत नाही.

आमच्या एका गटात हे भांडण दोन सभासदांतच झालं. नावं सांगत नाही. एक घरमालकीण मावशी, दुसरी त्यांच्याच मागच्या खोलीत राहणारी वहिनी. मीटर एक. एका महिन्याचं बिल ४१० युनिटचं आलं. मावशी म्हणाल्या, निम्मं निम्मं. वहिनी म्हणाली, मी बिल बघून आजारी पडेन. दोघी बैठकीत एकमेकींकडे पाठ करून बसल्या. हप्त्याचे पैसेसुद्धा तिसरीच्या हाती द्यायला लागल्या, तेव्हा आम्ही फळा काढला.

हिशेब अगदी साधा आहे, घरी करून बघा. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी बल्ब शंभर तासांहून जास्त जळतो, तेव्हा कुठे एक युनिट होतं. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. पाणी तापवायची १५०० वॅटची कॉइल रोज अर्धा तास लावली की महिन्याला साधारण २२. वहिनीचा पंखा, दिवे, टीव्ही, मिक्सर आणि कॉइल मिळून झाले ६५ च्या आसपास. मावशींचा फ्रिज, कूलर, पंखे मिळून दीडशे. मग उरलेले दोनशे जवळजवळ गेले कुठे? आठ दिवस आमच्यातल्या दोघींनी सकाळ-संध्याकाळ मीटरचे आकडे लिहिले. मोटर निघाली. दोन हॉर्सपॉवरची मोटर तासाला दीड युनिट खाते, आणि ती रोज चार तास चालत होती. टाकी भरायला तासभर पुरायचा. बाकीचं पाणी मावशींच्या मुलाच्या गोठ्याला जात होतं, म्हशी धुवायला आणि हौदात. मावशींना यात काही वावगं वाटलंच नव्हतं. मोटर आमची, बोअर आमचं, असं त्या म्हणाल्या. पण बिल निम्मं निम्मं होतं ना!

वहिनीचीही एक गोष्ट फळ्यावर आली. तिने कॉइल आधी सांगितली नव्हती. आकडे जुळेनात, तेव्हा सांगितली.

यात आणखी एक पेच होता, तो दोघींनाही माहीत नव्हता. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट, त्यापुढे ५०० पर्यंत आणखी महाग, आणि पुढे त्याहून. कमी वापरणाऱ्या घराला वीज परवडावी म्हणून ही रचना आहे. पण तीन बिऱ्हाडांचा एक मीटर असला की ती उलटी फिरते. हिशेबापुरतं समजा, पहिल्या टप्प्याचा दर ५ रुपये आणि दुसऱ्याचा १० रुपये. तीन खोल्या, प्रत्येकीत ९० युनिट. वेगवेगळे मीटर असते तर प्रत्येकीचे ४५०, तिघींचे मिळून १३५०. एकाच मीटरवर २७० युनिट म्हणजे पहिल्या शंभराचे ५०० आणि पुढच्या १७० चे १७००. झाले २२००. वीज तेवढीच जळली, आणि ८५० रुपये जास्त गेले. वेगळ्या मीटरला स्थिर आकार वेगळा लागतो, तो धरला तरी वेगळा मीटर परवडतो. खरे दर तुमच्या बिलावर छापलेले असतात, ते घालून बघा. खोलीत सबमीटर बसवला तर वाटणी नीट होते, पण वरचा टप्पा काही चुकत नाही, कारण कंपनीच्या लेखी घर एकच.

आम्ही मावशींना म्हटलं, मागच्या खोलीला वेगळा मीटर घेऊ द्या तिच्या नावावर. त्यांचा चेहरा उतरला. "उद्या घर आपलं म्हणेल ती," म्हणाल्या. आम्हाला आधी हे अडाणीपणाचं वाटलं असतं, पण इतिहास वाचल्यावर तसं म्हणवत नाही. या भीतीला एक तारीख आहे.

भाडं बांधलं गेलं तसे मालक खोली भाड्याने द्यायला कचरू लागले. त्यांनी नवी वाट काढली, लिव्ह अँड लायसन्सची. म्हणजे हा भाडेकरू नाही, याला फक्त राहायची परवानगी दिली आहे, मुदत संपली की जाईल. पण माणसं जात नव्हती, त्यांनाही जागा नव्हती. मग १९७३ साली मुंबईच्या कायद्यात बदल झाला. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे जागेत राहत होते, ते कायद्याने भाडेकरू ठरले. ज्यांना मालकाने परवानगीवर ठेवलं होतं, त्यांना एका तारखेने संरक्षण मिळालं. आता त्या दिवशी आपण तिथे राहत होतो, हे दाखवायचं कशाने? रेशनकार्ड, पत्रं, पावत्या, लाइट बिल. राहणाऱ्याच्या नावाचा कोणताही कागद त्या काळात सोन्याच्या मोलाचा होता. तेव्हापासून घरमालकांच्या मनात बसलं की भाडेकरूच्या नावाचा कागद घरात येऊ द्यायचा नाही. पावती नको, करार नको, मीटर तर नकोच. बापाने मुलाला सांगितलं, सासूने सुनेला. कायदा बदलला, भीती तशीच राहिली.

आता स्थिती वेगळी आहे. लाइट बिल हा मालकीचा पुरावा नाही. १९९९ च्या कायद्यात लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची वेगळी सोय आहे, आणि त्यासाठी मालकाच्या हातात लेखी, नोंदणी केलेला करार असावा लागतो. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं ठरेपर्यंत. म्हणजे ज्या भीतीने मावशी कागद टाळतात, त्या भीतीवरचा उपाय कागदच आहे. त्या करारात बिलाची एक ओळ हवी: वीज कुणाच्या मीटरवर, मोटरचा वाटा कुणाचा किती, खोली घेतल्या दिवशी मीटरचा आकडा काय होता. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारात भाडं आणि डिपॉझिट लिहितात आणि बाकी सगळं "आपसात बघू" असतं.

विजेचा कायदाही नवा आला, २००३ चा. १९१० मधला भोगवटादार त्यात ४३ व्या कलमात पुन्हा आला. मालक किंवा भोगवटादार अर्ज करेल तर ठरलेल्या मुदतीत जोडणी द्यायची. तरी ऑफिसात पहिलं उत्तर मिळतं, मालकाचं संमतीपत्र आणा. यावर २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वीज ही मूलभूत सोय आहे, मालक संमती देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, आणि वीज देणाऱ्याने फक्त अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच पाहायचं, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल लक्षात ठेवा. खिडकीवर कुणी परत पाठवलं तर लेखी उत्तर मागा.

बिलच चुकीचं वाटलं तर भरणं नुसतं थांबवू नका. वीज तोडायच्या आधी कंपनीने पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. वाद चालू असेपर्यंत, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. २००३ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमात हे आहे. पुढे तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला. पण ही दारं कंपनीविरुद्धच्या तक्रारीची. गोठ्याच्या मोटरचा निवाडा तिथे होत नाही.

आमच्या त्या दोघींचं तूर्त असं ठरलंय. वहिनीच्या खोलीत सबमीटर बसवला, खर्च दोघींनी मिळून केला. मोटरचे चार भाग केले, तीन मावशींचे, एक वहिनीचा. आकडा दर महिन्याच्या पाच तारखेला दोघींनी उभं राहून लिहायचा, वही गटाकडे. वेगळ्या मीटरचा अर्ज वहिनीने आणून ठेवला आहे. करार नोंदवून मगच तो द्यायचा असं आमचं म्हणणं आहे. मावशी म्हणतात, मुलाला विचारून सांगते. मुलाने अजून काही कळवलेलं नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने मागच्या सहा महिन्यांची बिलं आणा, मालकिणींनी आणि भाडेकरणींनीही. फळा आम्ही आणतो.